लघु पाटबंधारे तलाव: सांडव्यावर पाच तारे, टेलला दोन

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातलाही मोठा वाटा परतीच्या पावसाने मनावर घेतलं तर. इथल्या मातीच्या लघु तलावाला लोक एकच प्रश्न विचारतात: भरला का? सांडवा वाहिला की नारळ फुटतो, जलपूजन होतं, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात आणि तलाव पास झाला असं सगळे धरून चालतात. आमच्या मते परीक्षा सांडव्यावर घ्यायचीच नाही. ती टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या आउटलेटवर (शेतांकडे पाणी सोडणाऱ्या तोंडावर) घ्यायची. रब्बीत तिथे किती पाळ्या (पाणी देण्याच्या ठरलेल्या फेऱ्या) पोहोचल्या, किती तास चालल्या, धार केवढी होती? खालचे सगळे गुण त्याच मापाने दिले आहेत.

परीक्षण कशाचं, ते आधी स्पष्ट करू. महाराष्ट्रात २००० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेला प्रकल्प लघु धरतात. त्यातले १०० हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे, साधारण ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण खात्याकडे आणि त्यावरचे जलसंपदा खात्याकडे असतात. ही विभागणी माहीत नसेल तर निम्मे तक्रारअर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात. पाझर तलाव या परीक्षणात नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून असे तलाव मोठ्या संख्येने झाले, पण त्यांना कालवा नसतो. खालच्या विहिरींना पाझर मिळाला की त्यांचं काम झालं.

साठा: कागदावर आणि हातात

पहिली गोष्ट, तलाव दर वर्षी भरणार नाहीच. लघु तलावांचं पाण्याचं गणित बहुधा ५० टक्के विश्वासार्हतेवर मांडलेलं असतं. म्हणजे दोनातल्या एका वर्षी तो पूर्ण भरणार नाही, हे आखणीतच धरलेलं असतं. म्हणून 'यंदा भरला नाही' ही तक्रार तारे कमी करायला पुरेशी नाही. टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांतून जिथे तलाव भरून घेतात तिथे चित्र वेगळं, पण ते पाणी विजेवर चढून येतं हे विसरू नये.

आता पाण्याचा हिशोब. १ दलघमी म्हणजे १० लाख घनमीटर. १ सहस्र घनमीटर म्हणजे एका हेक्टरवर १० सेंटीमीटर उभं पाणी. उदाहरणादाखल १.५० दलघमीचा, २५० हेक्टर लाभक्षेत्राचा तलाव घ्या. सगळे आकडे सहस्र घनमीटरमध्ये. एकूण १५००, त्यातला १५० मृतसाठा, म्हणजे गेटच्या उंबऱ्याखालचं पाणी, जे कालव्यात येतच नाही. उरले १३५०. पिण्याच्या पाण्याचं आरक्षण २०० धरू. १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर बाष्पीभवन दिवसाला साडेचार मिलिमीटर धरलं तर सव्वाचार-साडेचार महिन्यांत ६० सेंटीमीटर उंचीचं पाणी उडतं. पाणपसारा सरासरी ३० हेक्टर असेल तर ते १८० झाले. बांधाखालची झिरप आणि गेटची गळती मिळून १००. कालव्याच्या तोंडाशी आले ८७०. दुरुस्ती न झालेला मातीचा कालवा त्यातलं ४० टक्के सहज पितो. शेतचारीला, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाला, लागले ५२२.

एका पाण्याला हेक्टरी ८ सेंटीमीटर, म्हणजे ०.८ सहस्र घनमीटर धरा. ५२२ मध्ये सुमारे ६५० हेक्टर-पाळ्या बसतात. हरभऱ्याला दोन पाणी दिली तर सव्वातीनशे हेक्टर भिजतं, म्हणजे लाभक्षेत्र भिजून वर उरतं. गव्हाला पाच दिली तर १३०. उसाचं गणित मांडायची गरज नाही, तो उन्हाळ्यातही पाणी मागतो आणि तेव्हा तलाव तळाला गेलेला असतो. 'कागदावर अडीचशे हेक्टर, भिजतात शंभर' ही ओरड खरी असते, पण तिची निम्मी कारणं पीकपद्धतीत असतात आणि निम्मी गेट आणि कालव्यात.

साठ्याला पाचपैकी चार.

बांध

मातीचा बांध हा या सगळ्यातला सर्वांत टिकाऊ भाग. आत चिकण काळ्या मातीचा गाभा, बाहेर मुरमाड आवरण, खाली खडकापर्यंत नेलेला चर, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग (लाटांपासून वाचवणारं दगडांचं आवरण), मागच्या पायथ्याला दगडाचा निचरा. बांधताना थरावर थर नीट दाबला असेल तर पन्नास वर्षं काही होत नाही. होतं ते माणसांमुळे आणि झाडांमुळे.

पिचिंगचे दगड घरांच्या पायात जातात. उघड्या पडलेल्या मातीला लाटा खातात आणि पाणपातळीच्या रेषेवर पायरी पडते. वेडी बाभूळ माथ्यावर आणि मागच्या उतारावर माजते. ती बोटाएवढी असतानाच मुळासकट उपटावी. मोठं झाड नुसतं कापलं तर आत मुळं कुजतात आणि त्या पोकळीतून पाण्याला आयती वाट मिळते. मुळं खणून काढायची, खड्डा १५ सेंटीमीटरच्या थरांनी ओलसर माती भरून ठोकायचा, आणि हे काम तलाव खाली असताना करायचं. उंदीर-घुशींची बिळंही तशीच बुजवायची. २ जुलै २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फुटलं. खेकडा बीळ करतो हे खरं, पण ते बीळ कुणी वर्षानुवर्षं पाहिलं नाही हा प्रश्न खेकड्याला विचारता येत नाही.

मागच्या पायथ्याला थोडं स्वच्छ पाणी झिरपणं हा दोष नाही. निचरा त्यासाठीच असतो. घाबरायचं दोन वेळांना: पाणी गढूळ आलं तर, किंवा तलावाची पातळी तीच असताना झिरप वाढली तर. गढूळ म्हणजे आतली माती वाहून येते आहे. तेव्हा अर्ज लिहीत बसू नये, त्याच दिवशी शाखा अभियंता आणि तहसील कार्यालय दोन्हीकडे कळवावं.

सर्वांत घातक उद्योग सांडव्यावर होतो. 'अजून दोन फूट पाणी बसेल' म्हणून सांडव्याच्या भिंतीवर वाळूची पोती रचतात. पुराची पातळी आणि बांधाचा माथा यांमध्ये सोडलेलं अंतर पोत्यांनी खाल्लं की पुराचं पाणी बांधावरून जातं, आणि मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलं की काही तासांत वाहून जातो. सांडव्याच्या खालचा पुच्छकालवा (जादा पाणी नाल्याकडे नेणारा) नांगरून पीक घेणं हाही त्याचाच प्रकार. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. १० मीटरच्या आतले तलाव त्यात येतच नाहीत, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतरची पाहणी गावानेच मागून घ्यावी लागते.

बांधाला चार. पिचिंग शाबूत असेल तर साडेचार.

गेट: सर्वांत छोटा भाग, सर्वांत मोठं नुकसान

विमोचकाच्या (तलावातून कालव्यात पाणी सोडणाऱ्या बांधकामाच्या) विहिरीतलं गेट पूर्ण बंद असूनही कालव्याच्या तोंडाशी बारीक ओहोळ चालू असतो, आणि 'एवढं तर गळणारच' म्हणून सगळे सोडून देतात. हिशोब करा. ६० सेंटीमीटर रुंदीच्या गेटखाली फक्त २ मिलिमीटरची फट आणि वर ४ मीटर पाणी असेल, तर त्या फटीतून सेकंदाला सहा लिटरच्या वर पाणी जातं. दिवसाला साधारण ५५० घनमीटर. शंभर दिवसांत ५५ सहस्र घनमीटर, म्हणजे जवळजवळ ७० हेक्टरचं एक पाणी. ते नाल्याला जातं आणि तिथे पानकणीस पोसतं.

मोजायला यंत्र लागत नाही. पत्र्याला ९० अंशांची 'व्ही' खाच कापा, गेट बंद असताना कालव्याच्या तोंडाशी पत्रा उभा बसवा आणि कडा चिखलाने लिंपा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण पत्र्यापाशी नाही. तिथे पाणी खाली वाकतं. उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन मोजा. ५ सेंटीमीटर आली तर पाऊण लिटर, १० आली तर ४.४, १५ आली तर १२ आणि २० आली तर जवळपास २५ लिटर दर सेकंदाला. पायथ्याची झिरप मोजायलाही हाच पत्रा चालतो. वहीत तारीख, तलावाची पातळी आणि खाचेची उंची असे तीन रकाने ठेवले की दोन हंगामांत तलावाची प्रकृती कळते.

गेट का गळतं? उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला की रबरी सील उन्हात वाळून चिरतं. उंबऱ्यावर खडा किंवा ओंडका अडकतो आणि गेट टेकत नाही. मग दोघं-तिघं हँडलला लोंबकळून जोर करतात, स्टेम (गेट उचलणारा दांडा) वाकतो आणि पुढच्या खेपेला गेट ना वर जातं ना खाली. स्क्रूला ग्रीस नाही, हँडल चोरीला गेलेलं, म्हणून पाइप पाना लावून फिरवतात आणि दातेच झिजतात. गेट टेकत नसेल तर जोर करू नये. ते दहा-पंधरा सेंटीमीटर उचलून काही मिनिटं पाण्याच्या झोताने उंबरा धुऊ द्यावा, मग सावकाश खाली सोडावं. फट बारीक असेल तर वरच्या बाजूने लाकडाचा भुसा किंवा राख सोडली की ती ओढीने फटीत जाऊन बसते. हा हंगाम निभावण्यापुरता उपाय. सील बदलणं, उंबरा घासणं, स्टेम सरळ करणं ही कामं पाणी उंबऱ्याखाली गेल्यावर, मे महिन्यात. ऑक्टोबरमध्ये गेटदुरुस्तीचा अर्ज करून काही उपयोग नाही, तो मार्चमध्ये हवा.

विकत घेतलेल्या मोटारीचा वॉशर गळला तर माणूस त्याच दिवशी बदलतो. गेटला मालक नाही. गुण दीड.

कालवा आणि चारी

कालव्याला अर्ध्या क्षमतेने चालवणं ही सर्वांत महागडी सवय. पाणी जिरतं ते कालव्याच्या भिजलेल्या तळातून आणि काठांतून. धार निम्मी केली तरी भिजलेला भाग निम्मा होत नाही. समजा सेकंदाला ३०० लिटर सोडल्यावर वाटेत ९० जिरतात. १५० सोडले तरी ७५ च्या आसपास जिरतातच. म्हणजे तोटा ३० टक्क्यांवरून ५० वर गेला. 'थोडं थोडं सोडा, पुरवून वापरू' हा सल्ला ऐकायला काटकसरीचा, पण टेलवाल्याचा घात करणारा. कमी दिवस, पूर्ण क्षमतेने, मध्ये खंड न पाडता. कोरडा कालवा पुन्हा भिजवायला पहिले एक-दोन दिवस फुकट जातात, आणि प्रत्येक खंडाला ते पुन्हा मोजावे लागतात.

साफसफाई १५ ऑक्टोबरच्या आत. त्या दिवशी रब्बी हंगाम सुरू होतो आणि साठ्याचा हिशोबही त्याच दिवसाचा धरतात. बेशरम, पानकणीस आणि गाळ काढायचाच, पण नुसती जेसीबीने खोदाई केली की तळाचा बसलेला चिकण थर निघून जातो आणि मुरूम उघडा पडतो. मग कालवा दिसतो स्वच्छ आणि पितो दुप्पट. अस्तरीकरणाचा पैसा अपुरा असेल तर पूर्ण लांबीचा हट्ट धरू नये. मुरमाड आणि भरावावरचे तुकडे, जलसेतूचे सांधे आणि मोऱ्यांच्या आजूबाजूचा भाग आधी. काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकलं तर माती फुगून-आक्रसून दोन-तीन वर्षांत स्लॅब उचलतात. मागे मुरमाचा थर द्यावाच लागतो, आणि अंदाजपत्रकातून नेमकी तीच बाब गळलेली असते.

आउटलेटवर गेट नसतं, असलं तर वाकवलेलं. मग दगड, पोती आणि चिंध्या. वरचा शेतकरी रात्री पोतं काढतो, खालचा पहाटे येऊन कोरडी चारी बघतो. इथे भांडण मापाने मिटतं, आवाजाने नाही. चारीचा १० मीटर सरळ तुकडा निवडा, मधोमध वाळकी काडी सोडा, वेळ घ्या. ६० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल पाण्यात काडीला २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी सावकाश वाहतं म्हणून ०.८ ने गुणा. क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर. गुणाकार सेकंदाला २८.८ लिटर, म्हणजे एक क्युसेक. त्या धारेने एक हेक्टरला ८ सेंटीमीटर पाणी द्यायला पावणेआठ तास लागतात. धार निम्मी आली तर साडेपंधरा, आणि पाळी मात्र आठ तासांचीच असते. 'पाणी कमी आलं' या वाक्याऐवजी 'आउटलेट क्रमांक अमुक, अमुक तारखेला पहाटे पाचला १४ लिटर' हे वाक्य पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणाऱ्या कर्मचाऱ्याला, टाळता येत नाही.

कालव्याला दोन.

पाळी, अर्ज आणि माणसं

पाणी मागायचा अर्ज नमुना नंबर ७. जाहीर प्रगटन निघतं, त्यातल्या मुदतीत सातबारा, गट नंबर, पीक आणि क्षेत्र लिहून द्यायचा. जुनी थकबाकी असेल तर मंजुरी अडते. बरेच जण अर्जच करत नाहीत, कारण पाणी तसंही येतं. याचा परिणाम उलटा होतो. कागदावर मागणी दिसत नाही, भिजलेलं क्षेत्र कमी लागतं, आणि दुरुस्तीच्या यादीत तलाव मागे पडतो. शिवाय विनाअर्ज भिजवलेल्या पिकाचा पंचनामा झाला तर आकारणी दंडाने होते.

शेजपाळी (एकामागून एक शेताला क्रमाने पाणी देणं) खालून वर चालवली, म्हणजे आधी टेल मग हेड, तर निम्मे वाद होत नाहीत. वर बसलेला शेतकरी शेवटी पाणी घेणार असल्याने कालवा फुटू नये ही त्याचीही गरज बनते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पाळलं मात्र पाटकरी हजर असेल तरच जातं. आणि एका पाटकऱ्याकडे दोन-तीन तलाव असले की पाळी कागदावर राहते.

यावर चालणारा पर्याय पाणी वापर संस्था. २००५ च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून देण्याची तरतूद झाली आणि संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल अशा तिन्हींना जागा मिळाल्या. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातून १९९० च्या दशकात हे काम उभं केलं. वाघाड लघु तलाव नाही, पण मोजून घेतलेलं पाणी टेलला कसं पोहोचतं ते तिथे दिसलं. नुसती नोंदणी झालेली, मोजमापाचं फ्ल्यूम गाळात बुडालेली संस्था मात्र संस्था नसल्यासारखीच.

काठावरच्या मोटारी हा वेगळा विषय, पण टाळता येत नाही. २० मीटर उंचीवर ५ अश्वशक्तीची मोटार सेकंदाला दहाएक लिटर देते. आठ तासांत २८८ घनमीटर. अशा पन्नास मोटारी महिनाभर चालल्या तर ४३० सहस्र घनमीटर उपसलं जातं. वरच्या उदाहरणात कालव्याच्या तोंडाशी आलेलं पाणी ८७० होतं. परवानगीच्या मोटारींची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा.

गाळ

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेतून गाळ शेतात नेता येतो. एका एकरावर १० सेंटीमीटर थर द्यायला सुमारे १४३ ब्रास लागतो. माळरानाच्या मुरमाड जमिनीला तो सोनं, आधीच भारी काळ्या जमिनीला ओझं. साठा मात्र फार वाढत नाही: ३५३ ब्रास काढल्यावर कुठे एक सहस्र घनमीटर जागा होते. बांधाच्या पायथ्यालगत खोदू देऊ नये आणि मुरूम लागेपर्यंत खोल जाऊ नये. पाझर तलावात तळ उघडा पडला तर चांगलंच, सिंचन तलावात तोच चिकण थर पाणी धरून ठेवतो.

कोणी यावर भिस्त ठेवावी

रब्बी ज्वारी, करडई, हरभरा घेणाऱ्याने जरूर. ज्वारीला पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना मिळालेलं एक पाणीही उत्पन्न बदलून टाकतं. गहू घ्यायचा असेल तर १५ ऑक्टोबरची पातळी बघून, आणि तलाव पाऊण भरलेला असेल तरच. डाळिंब किंवा ऊस फक्त स्वतःची विहीर किंवा अस्तर घातलेलं शेततळं असेल तर. अशांनी पाळीचं पाणी विहिरीला आधार म्हणून धरावं. लाभक्षेत्रातल्या विहिरींची पातळी कालवा चालू असताना वाढते, आणि ही या सेवेची सर्वांत भरवशाची, पावती न मिळणारी बाजू आहे. ठिबकला तलावाचं पाणी थेट जोडू नका. शेवाळ आणि गाळासाठी आधी वाळूची गाळणी, मग जाळीची, आणि पाळीच्या काळात वाळूची गाळणी रोज उलट्या प्रवाहाने धुवायची.